"मोठं कोणी आलंय का बरोबर?"

गेल्या महिन्यात एका हॉस्पिटलच्या ओपीडीत माझ्या पुढे एक मुलगा उभा होता. दहा-अकरा वर्षांचा असेल. हातात फाईल, फाईलला प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला दोन गाठी. मागे बाकावर त्याचे वडील भिंतीला डोकं टेकून बसलेले, हाताला डायलिसिसची पट्टी. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मोठं कोणी आलंय का बरोबर?" मुलगा म्हणाला, "मीच आलोय."

बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यासमोरच्या कागदावर नातेवाईकाची सही हवी होती आणि एवढ्याशा मुलाची सही तिथे चालत नव्हती. शेवटी सही मी केली. नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहिलं.

तेव्हापासून ताई डोक्यातून जात नाहीये. म्हणून हे लिहितोय. लांब होईल, पण वाचा.

आम्ही घोडपदेवच्या चाळीत वाढलो. 1993 साली आईला आमवाताने धरलं. ताई तेव्हा सातवीत, बारा वर्षांची. मी नऊ वर्षांचा. बाबा गिरणी सुटल्यापासून रात्रपाळीचे वॉचमन, सकाळी साडेआठशिवाय घरी यायचे नाहीत. आमवात म्हणजे म्हातारपणी गुडघे दुखतात तो आजार नव्हे. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते आणि सगळ्यात वाईट असते ती सकाळ. झोपेतून उठल्यावर सांधे लाकडासारखे होतात, तास-दोन तास सुटत नाहीत. आणि शाळा भरायची सात वाजून दहा मिनिटांनी.

पाच वाजता नळाला पाणी यायचं. ते भरून झालं की ताई बादलीत कढत पाणी घ्यायची आणि आईचे दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून धरायची. मग एकेक बोट उघडायची. करंगळीपासून सुरुवात, अंगठा सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यात जास्त ठणकायचा. आई ओठ दाबून छताकडे बघत राहायची. हात सुटले की वेणी, मग साडी. आई दाराची चौकट धरून उभी आणि ताई खाली बसून निऱ्या घालतेय, पदर लावायला स्टुलावर चढतेय, हे मी रोज अंथरुणातून बघायचो. गोळी रिकाम्या पोटी चालत नसे, म्हणून चहात बुडवलेली अर्धी पोळी भरवायची, मग गोळी. मग मला उठवायचं, माझा डबा भरायचा. स्वतः काही न खाता शाळेकडे पळत सुटायची. गेट लागलेलं असायचं.

तिच्या डायरीत लाल पेनाने यायचं: 'सतत उशीर. पालकांनी भेटावे.' आईच्या बोटांत पेन धरवत नव्हतं आणि बाबा दिवसभर झोपलेले. एकदा तिने स्वतःच आईच्या नावाची सही केली. पकडली गेली. खोटी सही केली म्हणून दोन दिवस वर्गाबाहेर उभी. त्या घरात पालक नेमकं कोण आहे, हे शाळेतल्या एकाही माणसाने विचारलं नाही. नववीनंतर ती शाळेत गेलीच नाही.

मी 2000 साली दहावी झालो. 78 टक्के. चाळीत पेढे वाटले, ते ताईनेच वाटले. माझ्या मार्कांत तिच्या सकाळी आहेत हे मला कळायला पुढची वीस वर्षं लागली. आणि हेही लिहायला हवं की मला कधी कोणी आईच्या निऱ्या घालायला बोलावलं नाही. मी मुलगा होतो. तिच्याकडेच सगळं गेलं, कारण ते मुलीकडेच जातं असं सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. मीसुद्धा.

चाळीत सगळे म्हणायचे, "किती गुणी पोर! आईचं सगळं करते." या 'गुणी' शब्दाचा मला आता राग येतो. तो म्हटला की आपलं काम झालं. दार लोटून घ्यायला मोकळे.

आजारी आईबापांचं करणाऱ्या मुलांसाठी कायदा हवा, असं मी म्हटलं की लोक म्हणतात, आईबापांचं करणं हा आपला संस्कार आहे, त्याला कायदा कशाला? पुंडलिकाची गोष्ट तर आपण सगळेच सांगतो. पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता म्हणून विठोबा विटेवर उभा राहिला, अजून उभा आहे. देव थांबला. माझ्या ताईसाठी शाळा दहा मिनिटं थांबली नाही. संस्कार मानायचाच तर तो थांबणाऱ्यानेही मानायला नको?

आणि कायदा काय म्हणतो तेही बघा. आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा 2007 चा. त्यात आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर टाकलीय, पण त्या व्याख्येतून अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली मुलं वगळलेली आहेत. बरोबरच आहे. जे काम कायदा लहान मुलाकडून मागत नाही, ते काम आज या शहरात लहान मुलं करत आहेत आणि त्याची नोंद कुठेच नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे. कोणीही व्यक्ती, पैसे घेऊन वा न घेता, घरचे धरून. वयाची अट नाही. पण काळजी घेणारी व्यक्ती बारा वर्षांची असेल तर तिचं काय, याबद्दल एक ओळ नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांचे निर्णय घ्यायला त्याला मदत करणारा माणूस, अज्ञान असू शकत नाही. आईची तब्येत बिघडली की धावणारं मूल असतं, आणि खिडकीवर "मोठं कोणी आलंय का?"

इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने अशा मुलांना नाव दिलं, यंग केअरर. घरच्या आजारी किंवा अपंग माणसाचं करणारं अठराच्या आतलं मूल दिसलं की स्थानिक प्रशासनाने त्याची गरज तपासायची, आणि त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा की एवढं काम या मुलाने करणं योग्य आहे का, हे ठरवायचं. 2023 पासून तिथल्या शाळांच्या पटनोंदणीत यासाठी वेगळा रकाना आहे. जपानमध्येही घरचं सगळं गुपचूप मुलं करतात, आपल्यासारखंच. तिथे सरकारी पाहणी झाली तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या दर सतरा मुलांमागे एक मूल असं निघालं. 2024 मध्ये त्यांनी कायद्यात या मुलांचा उल्लेख घातला. मोजल्यावरच दिसलं.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. बाल न्याय कायदा 2015 मध्ये, पालक सांभाळायला असमर्थ असतील तर ते मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. राज्याची बालसंगोपन योजना आहे, दुर्धर आजार असलेल्या पालकांची मुलंही त्यात बसतात, महिन्याला 2250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत 4000 आहेत. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा, मुलांसाठीच्या 1098 हेल्पलाइनला फोन करा, लाजू नका.

पण घरं पुढे येत नाहीत, आणि त्याचं कारण मला माहीत आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एक काकू आईला म्हणाल्या होत्या, "कुठे बोलू नका हो, सरकारी माणसं येतील आणि पोरांना बालगृहात टाकतील." आईने त्या दिवसापासून बाहेर कुणाला काही सांगायचं नाही असं आम्हा दोघांना बजावलं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं त्याच बाल न्याय कायद्यात तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. पण भीती कायदा वाचून येत नाही. मुलाला घरातून काढायचं नाहीये, मदत घरात न्यायची आहे, हे ठळक अक्षरात लिहिलेलं हवं.

ताईला पैसे नको होते असं नाही, पण तिला पहिल्यांदा हवे होते सकाळचे दोन तास. कुणीतरी येऊन आईचे हात शेकले असते, साडी नेसवली असती, तर ती सात वाजून दहा मिनिटांनी गेटच्या आत असती. मुंबईत महापालिकेच्या आरोग्य सेविका घरोघर जातात, गरोदर बाई आहे का, खोकला आहे का विचारतात. त्यात एक प्रश्न वाढवा: घरात अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का, आणि त्याचं कोण करतं? शाळा मुलांची माहिती सरकारी ऑनलाइन पोर्टलवर भरतात. तिथे एक रकाना वाढवा. ज्या मुलाच्या नावापुढे खूण असेल त्याला उशिराची सूट, परीक्षेला सवलत, आणि त्या घरी रोज दोन तास एक पगारी माणूस. एवढं कायद्याने बांधून द्या. नाहीतर ते एखाद्या चांगल्या बाईंच्या मर्जीवर राहील, आणि आमच्या वाट्याला तशा बाई आल्या नाहीत.

शिक्षक मित्रांनो, कायदा येईल तेव्हा येईल. उद्या उशिरा येणाऱ्या मुलीला डायरीत शेरा देण्याआधी बाजूला घेऊन एवढंच विचारा, "सकाळी घरी काय काय करून येतेस?"

पोस्ट टाकण्याआधी काल रात्री ताईला फोनवर वाचून दाखवली. आईच्या आजारपणातली दोन वाक्यं तिने काढायला लावली. "आईला आवडलं नसतं," म्हणाली. काढली. सहीबद्दल काही बोलली नाही. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या ओपीडीतल्या पोराने काही खाल्लं होतं का रे?"

मी विचारलं नव्हतं.