कासवीण पिल्लांना न्यायला परत येत नाही

कोकणातल्या वेळास या किनाऱ्यावरच्या गावाच्या फोटोसह एक मेसेज फिरतोय: 'कासवीण अंड्यांची राखण करते आणि पिल्लं निघाली की त्यांना समुद्रात घेऊन जाते. एकटं पिल्लू चुकलेलं असतं, ते उचलून थेट पाण्यात सोडा.' पाठवणाऱ्यांची माया खरी आहे, पण माहिती चुकीची आहे.

ऑलिव्ह रिडले या जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खड्डा उकरते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू दाबून बुजवते आणि त्याच रात्री समुद्रात परतते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. पुढचे साधारण ४५ ते ६० दिवस अंडी उबवते ती वाळूच. पिल्लू नर की मादी, हेही वाळूची ऊब ठरवते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक.

दोन हंगाम मी वेळासला कासवमित्रांबरोबर, म्हणजे कासवांची घरटी जपणाऱ्या स्थानिक मंडळींबरोबर, पहाटे किनारा फिरलो आहे. हॅचरीतली (अंडी सुरक्षित ठेवायच्या कुंपणातली) पिल्लंसुद्धा ते वाळूवरच सोडतात. लाटेपर्यंत ती एवढीशी पिल्लं आपली आपण चालत जातात! एकटं पिल्लू दिसलं तर हात लावू नका, टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा, कासवमित्रांना किंवा वनविभागाला कळवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.