सोलर वॉटर हीटरवर ७८ हजारांचं अनुदान? खुलासा

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘सोलर वॉटर हीटर बसवा, केंद्राकडून ७८,००० मिळवा, म्हणजे फुकटच!’ हे चूक आहे. आकडा खरा, पण तो पीएम सूर्यघर योजनेतला. ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या, वीज बनवणाऱ्या पॅनेलसाठी. काचेच्या नळ्यांचा सोलर वीज बनवत नाही, पाणी तापवतो. त्याला या योजनेत छदामही नाही. त्याचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं.

विक्रेते सोलरवर ‘फिटिंग मोफत’ म्हणतात, त्याचंही तसंच. बहुतेकदा त्यात टाकी आणि नळ्या गच्चीवर उभ्या करून देणं एवढंच येतं. गच्चीपासून बाथरूमपर्यंतची गरम पाण्याची लाइन, तिच्यावरचं आवरण, प्लंबरची मजुरी आपल्याच खिशातून. खालच्या मजल्यावाल्यांनी पाइपाचे फूट मोजूनच हो म्हणावं. (लाइनीत साचलेलं गार पाणी रोज सकाळी बादलीत सोडावं लागतं, ते वेगळंच!)

साधा १५ लिटरचा गीझर बसवायला स्वस्त. फक्त १६ अँपिअरचा पॉइंट नसेल तर वायरमनचा खर्च धरा. गॅस गीझरचं म्हणाल, तर हवा खेळत नाही अशा बाथरूममध्ये तो फुकट मिळाला तरी नको.