‘डिजिटल मीटर खोटं बोलतो’ हे खरं नाही

‘बंद वायरीतही डिजिटल मीटर (व्होल्ट मोजायचा, आकडे दाखवणारा मल्टिमीटर) व्होल्ट दाखवतो, म्हणून काट्याचाच मीटर घ्या,’ असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धवट आहे.

परवा खानापूरकडच्या एका पंपघरात स्टार्टर बंद असताना मोटरीच्या सुट्या केलेल्या वायरीवर डिजिटलने 87 व्होल्ट दाखवले. शेजारून चालू वायर गेली होती, तिच्यामुळे बंद वायरीत व्होल्टचा नुसता भास तयार होतो. डिजिटलचा अंतर्गत रोध साधारण 10 मेगाओहम, म्हणजे तो करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे तो भासही टिपला जातो. काट्याचा मीटर थोडा करंट ओढतो, म्हणून भास बराच कमी दिसतो. आम्ही त्याच वायरीवर 100 वॉटचा बल्ब लावला. आकडा शून्यावर आला.

पण हेच ओढणं इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये नडतं. 20 किलोओहम प्रति व्होल्टचा (रेंजच्या दर व्होल्टमागे 20 किलोओहम रोध असलेला) काटा 10 व्होल्टच्या रेंजवर फक्त 200 किलोओहमचा असतो, तिथे तो कमी व्होल्ट दाखवतो. कपॅसिटर चार्ज होताना बघायला मात्र काटाच बरा.

आणि कृपा करून, ‘भासच असेल’ म्हणून वायरीला हात लावू नका. आधी चालू सप्लायवर मीटर तपासा, मग वायर, मग पुन्हा चालू सप्लाय.