आधी भुताचे नियम, मग भूत

मुलांसाठी भुताखेतांची रहस्यमालिका लिहिणाऱ्यांनी जोनाथन स्ट्राउड यांची ‘लॉकवुड अँड कंपनी’ वही-पेन्सिल घेऊन वाचावी, असं माझं ठाम मत आहे. २०१३ ते २०१७, दरवर्षी एक, अशा पाच कादंबऱ्या.

लंडन ओळखीचंच, पण पन्नासएक वर्षांपासून तिथे रात्री भुतं फिरतात. ती नीट जाणवतात फक्त मुलांना. वय वाढलं की ती शक्ती जाते. म्हणून भुतांचा बंदोबस्त करणाऱ्या एजन्सींमध्ये रात्रपाळी पोरांची आणि हुकूम मोठ्यांचे. या एका नियमावर सगळा डोलारा उभा आहे. मुलांच्या साहसकथेत आईवडील, पोलीस यांना वाटेतून कसं काढायचं ही लेखकाची कायमची अडचण. इथे ती उरतच नाही, कारण मोठी माणसं खोलीत असली तरी आंधळी. शिवाय पोरांच्या जिवावर धंदा चालतो हा संताप आपोआप येतो, वेगळं भाषण लागत नाही.

प्रत्येक भुताचा एक ‘सोर्स’ असतो: हाडं, एखादा दागिना, कधी नुसती मृत्यूची जागा. तो शोधून चांदीत बंद केला की काम झालं. तोवर बचावाला लोखंडी साखळ्यांचं रिंगण, मीठ, तलवार, फेकले की भडकून पेटणारे मॅग्नेशियमचे फ्लेअर. पण प्रत्येक साधनात खोट ठेवली आहे. साखळ्या जड. फ्लेअरने भूत हटतं, पण घरही पेटतं. पहिल्या पुस्तकात नेमकं तेच होतं. लॉकवुडच्या एजन्सीत घराचा इतिहास खणून काढणं हे त्याचा साथीदार जॉर्जचं काम, पण ते पुरं होईपर्यंत न थांबता लॉकवुड आणि दुसरी साथीदार ल्यूसी निघतात, साखळ्याही नेत नाहीत. शेवटी फ्लेअर फेकावा लागतो, घर जळतं आणि भरपाईचे ६०,००० पौंड अंगावर येतात. ते फेडायला कूम कॅरी हॉल नावाच्या भयंकर वाड्याचं काम घ्यावं लागतं, तर मालकाची अट काय? फ्लेअर आणायचे नाहीत! पहिल्या चुकीनेच पुढच्या लढाईतलं हत्यार काढून घेतलं. कथानक बांधणं म्हणतात ते हे.

भीतीचंही तसंच. भूत दिसण्याआधी चार खुणा येतात: गारठा (थर्मामीटर हातात असतोच), कुजका वास किंवा चव, जीव जड होणं, आणि मग सरपटत येणारी भीती. वाचणाऱ्या मुलाला त्या पाठ होतात. मग नुसता पारा उतरला तरी पोटात गोळा येतो, भूत आणायची गरजही पडत नाही. आपल्या बऱ्याच बालकथांमध्ये दुसऱ्याच पानावर किंचाळी येते आणि पुढे लेखकाकडे काही शिल्लकच राहत नाही.

मधल्या विसाव्यासाठी या तिघांचं स्वयंपाकघर आहे: टिपणं आणि चित्रं काढायचा टेबलक्लॉथ, आणि बिस्किटं पाळीपाळीनेच घ्यायची हा कडक नियम. ही पानं कापली असती तर पोरांच्या जिवाची काळजीच वाटली नसती.

२०२३ची नेटफ्लिक्सवरची आठ भागांची मालिका पहिल्या दोन पुस्तकांवर आहे आणि तिथेच थांबली. ती पाहिलेल्या मुलालाही पहिल्या पुस्तकापासूनच वाचायला द्या. गोष्ट ल्यूसीच्या तोंडची आहे, तो आवाज पुस्तकातच भेटतो. वय साधारण दहा-अकरापासून पुढे.

मराठीत तर अर्धं काम आधीच झालेलं आहे. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, हडळीचे पाय उलटे. ठिकाणं आणि खुणा ठरलेल्याच आहेत. नाहीत ते सोर्स आणि साधनांच्या खोटी. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, तेव्हा शोध घेणाऱ्या पोरांना मृत्यूच्या जुन्या नोंदी चाळाव्याच लागतील. आणि रस्तारुंदीकरणात तो पिंपळच तोडला, तर मुंजा कुठे जातो? हे ठरवा, मगच पहिलं प्रकरण लिहायला घ्या.