अबोला जर्मनमध्ये सांगताना

गेल्या महिन्यात पुण्यात आमच्या नात्यात एक बैठक झाली. मावसभावाचं आणि वहिनीचं वर्षभर पटत नाहीये, म्हणून दोन्हीकडची नऊ माणसं जमली होती. मी श्टुटगार्टहून व्हिडिओ कॉलवर, दहावा. तीन तासांत ते दोघं मिळून दहा वाक्यंही बोलले नसतील. बाकीच्यांनी कसर भरून काढली. शेवटी मावशी म्हणाली, "चांगल्या समुपदेशकाकडे पाठवू या, तो नीट समजावेल तिला." मामांचं मत वेगळं. ही सगळी तिकडची फॅडं, आमच्या वेळी कोण होतं समजवायला?

वहिनी तिथंच बसल्या होत्या. 'तिला' हा शब्द कुणालाच खटकला नाही.

मामांचं म्हणणं खोडणं सोपं आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था १९९० पासून हेच काम करते आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडक्यांनी मराठीत आणली, त्यालाही आता काही दशकं झाली. फॅड इतकं टिकत नाही. मावशीचा मुद्दा मात्र जड जातो, कारण आपल्याकडे समुपदेशन म्हणजे समजूत घालणं हे पक्कं बसलंय. शब्दातच उपदेश आहे. कौटुंबिक न्यायालयांचा १९८४ चा कायदासुद्धा न्यायालयाला आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगतो, आणि तिथला समुपदेशक भेटतो तो अर्ज दाखल झाल्यावर. मारहाण होत असेल तर अशा समेटाच्या घाईत बाईचा जीव जाऊ शकतो. तिथं आधी सुरक्षितता, मग बाकीचं.

पण सगळा दोष शब्दावर ढकलून चालणार नाही. इथं जर्मनीत मी आणि बायको ज्या समुपदेशनाला गेलो त्याला 'बेराटुंग' म्हणतात, आणि त्याच्या पोटातही सल्लाच आहे.

जर्मनीत सरकारी आरोग्य विमा माणसाच्या मानसोपचाराचा खर्च देतो, रांग मात्र महिनोन्‌महिन्यांची. नवरा-बायकोच्या भांडणाचा देत नाही, कारण भांडण हा आजार नाही. मग खिशातून शंभरावर युरो मोजा, नाहीतर चर्चच्या विवाह सल्ला केंद्रात जा. तिथं धर्म विचारत नाहीत, ऐपतीप्रमाणे देणगी ठेवायची. गणपतीची आरती म्हणणारे आम्ही दोघं अशा रीतीनं भिंतीवरच्या क्रुसाखाली, मध्ये कागदी रुमालांचा डबा ठेवून बसलो.

तिसऱ्या भेटीत मी तक्रार मांडली की ही अबोला धरते. जर्मनमध्ये सांगताना मी अडलो. 'गप्प बसते' म्हटलं, ते बरोबर नव्हतं. समुपदेशक बाईंनी मराठी शब्द वहीत लिहून घेतला आणि विचारलं, "हा संपतो कसा?" मी म्हटलं, दुसऱ्यानं मनधरणी करायची असते. "आणि निरोप कोण नेतं तोवर?"

या प्रश्नाला त्यांच्याकडे काही कारण नव्हतं. सहज विचारला असेल. पण मला आमचं सांगलीचं स्वयंपाकघर दिसलं. एका गणपतीत बाबांनी आईशी अकरा दिवस अबोला धरला होता. "बाबांना सांग, पानं घेतलीयत." "आईला सांग, मला भूक नाही." चार पावलांवरच्या दोन माणसांमधला टपालवाला मी, वय वर्षं नऊ. हे सांगताना माझा आवाज गेला. शेजारून बायको हळूच म्हणाली, "आपल्याकडे हे सानिका करते."

खरं होतं, आमची लेक हेच करत होती. आणि माझ्या लक्षात आलं की अबोला ती धरत नव्हती. मी धरत होतो, ऑफिसच्या कामाच्या नावाखाली. तिच्या माहेरी दहा मिनिटं आरडाओरडा होतो आणि मग चहा. मी गप्प झालो की ती आवाज चढवते, तिनं आवाज चढवला की मी आणखी आत जातो. बाईंनी ते कागदावर गोल काढून दाखवलं. एक पाठलाग करतो, दुसरा पळतो, आणि भीती दोघांना एकच की आपण याला नकोसे झालोय. ऐंशीच्या दशकात कॅनडात सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी दांपत्यांसाठी जी पद्धत बसवली तिचा गाभा हाच, हे मी नंतर वाचलं. चूक कुणाची, हे त्या गोलात कुठं लिहिणार?

भांडणं थांबली नाहीत. आता मी "अर्धा तास दे, मग बोलतो" असं तोंडानं सांगतो, आणि अर्ध्या तासानं खरंच येतो. दर वेळी नाही. सानिकाची टपालाची नोकरी गेली, एवढं नक्की.

इथं हे सोपं जाण्याचं एक कारण फारसं कौतुकाचं नाही. इथं आमच्यासाठी जमणारी नऊ माणसं नाहीत. ती असती तर आम्ही त्या खोलीत गेलोच नसतो. आणि मराठी येणारी बाई समोर असती तर तीन भेटी वाचल्या असत्या. मावसभावाला ती सोय आहे. फक्त त्याला आणि वहिनींना दोघांनाच जाऊ द्या, समजूत घालून घ्यायला नव्हे, हे मी मावशीला फोनवर सांगत होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण ती बाई शेवटी काय म्हणाली? चूक कुणाची?"

"तिनं सांगितलंच नाही."

"अरे, मग पैसे कशाचे?"

"पैसे नाहीत मावशी, देणगी."

"तरीच."