सासूबाईंचा व्हिसा नाकारला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सगळे कागद लावूनही सासूबाईंचा इंग्लंडचा व्हिजिटर व्हिसा नाकारला, शेतकरी विधवा म्हणून त्यांना मोजलंच नाही, आणि मी ‘नकाराचं पत्र आधी नीट वाचा’ म्हणतो म्हणजे व्हिसावाल्यांची वकिली करतो. आता एजंट सुचवतोय की पाहुण्यांकडून आठ लाख उसने घेऊन सासूबाईंच्या खात्यात ठेवायचे आणि लगेच नवा अर्ज टाकायचा.

तुमचा राग रास्त आहे. जून २०१३ पर्यंत घरच्यांना भेटायला येणाऱ्याचा व्हिसा नाकारला तर रीतसर अपील करता यायचं. इथे इंग्लंडमध्ये राहणारा मुलगा न्यायाधीशांसमोर उभा राहून सांगू शकायचा की ही माझी आई आहे आणि ती परत जाणार आहे. २५ जून २०१३ पासून तो हक्क गेला. आता मानवी हक्कांचा मुद्दा असेल तरच अपील, नाहीतर ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे कोर्टाकडून त्या निर्णयाची तपासणी. त्याला हजारो पौंड लागतात आणि तिथेही निर्णय कायद्याला धरून घेतला का, एवढंच बघतात. हा अन्याय आहे असं माझं स्वच्छ मत आहे. पण म्हणूनच ते पत्र वाचायला सांगतो. नव्या अर्जात आधीचा नकार सांगावाच लागतो, म्हणजे पुढचा अधिकारी तेच पत्र समोर ठेवून बसणार.

पत्रातली दोन कारणं तुम्ही उतरवून दिलीत, ते फार बरं केलंत. पहिलं कारण: अर्जात महिना तीस हजार उत्पन्न लिहिलंय, बँक स्टेटमेंटमध्ये ते दिसत नाही. उसाचं उत्पन्न दर महिन्याला कुठून येणार? ऊस तुटून कारखान्याला गेला की बिल जमा होतं, ते एकदम किंवा हप्त्यांनी. एजंटाने वर्षाचा आकडा बाराने भागला आणि फॉर्मात टाकला. अधिकाऱ्याने काय पाहिलं? महिनोन् महिने खात्यात किरकोळ उलाढाल, मग फेब्रुवारीत एकदम दोन लाख नव्वद हजार, आणि ते कुठून आले याचा एका ओळीचाही खुलासा नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे रिटर्नही नाही. त्याने काढलेला अर्थ चुकीचा होता, पण तो खोडून काढणारा कागद फाइलमध्ये नव्हता. कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या, सातबारा, ८-अ आणि गावच्या सोसायटीचं पीककर्ज बिलातून वळतं झालं असेल तर तो उतारा, असं सगळं लावा. प्रत्येक मराठी कागदासोबत इंग्रजीत प्रमाणित भाषांतर हवंच. आणि कव्हर लेटरमध्ये सरळ लिहा की हे उसाचं बिल आहे, अमुक तारखेला जमा झालं, वर्षभर घर यावर चालतं.

आता ते आठ लाख. ताई, कृपा करून हे करू नका. ज्या खात्यातल्या एका रकमेचा खुलासा मागितलाय, त्यात बिनखुलाशाची दुसरी मोठी रक्कम टाकून काय साधणार? शिवाय उसने पैसे स्वतःचे म्हणून दाखवणं ही फसवणूक ठरते, आणि ती सिद्ध झाली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. ती एजंटावर नाही, सासूबाईंवर येईल. मुळात गरजच नाही. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च मुलाने करणं नियमात बसतं. मिस्टरांच्या पगाराच्या स्लिपा, त्यांचं स्टेटमेंट आणि घराचा भाडेकरार लावा. सासूबाईंच्या खात्याने फक्त त्यांचं तिथलं आयुष्य दाखवायचं आहे.

दुसरं कारण, त्या परत जातील याची खात्री नाही. इथे मला तुमचं आमंत्रणपत्र खटकलं. ‘मी कामावर रुजू होणार आहे, आई सहा महिने बाळाला सांभाळतील.’ आपल्याकडे यात गैर काहीच नाही, आजीने नातवाला सांभाळायचं नाही तर कोणी? पण अधिकारी ते वाचतो तेव्हा त्याला बिनपगारी दाई दिसते. भेटीला आलेल्या आजीने नातवाला बघितलेलं चालतं, येण्याचं मुख्य कारणच ते असेल तर अडतं. खोटं लिहा असं मी मुळीच म्हणत नाही. घरात बसून ठरवा, सहा महिने खरंच हवेत का? पाळणाघराची सोय होत असेल तर दोन-अडीच महिन्यांची भेट ठरवा आणि तेवढीच लिहा.

विधवा असण्याचं म्हणाल, तर फाइलमध्ये त्या एकट्याच दिसतात. पण तुम्हीच लिहिलंय की धाकटे दीर-जाऊ त्याच घरात राहतात, रेशनकार्ड एकच आहे आणि उसाचं सगळं सासूबाईच बघतात. यातलं काहीच अर्जात गेलेलं नाही. दिरांचं एक पत्र जोडा. तुमच्याकडे आडसाली लागण, म्हणजे उसाची पावसाळ्यातली लागवड, जुलै-ऑगस्टमध्ये असते ना? मग एप्रिलमध्ये येऊन जूनअखेर परत, कारण पुढे लागण आहे, हे त्यांनीच त्यात लिहू दे.

एवढं करूनही नकार येऊ शकतो, याची कल्पना आहे मला. लगेच अर्ज करायला नियमाची आडकाठी नाही, पण तेच कागद पुन्हा दिले तर तेच उत्तर येईल आणि फी परत मिळत नाही. नवं आमंत्रणपत्र तयार झालं की नाव-पत्ता झाकून मला पाठवा. अर्ज भरण्याआधी वाचून कळवतो.