त्या कुरणात एक गाव होतं

मागच्या आठवड्यात मेळघाटात, चिखलदऱ्याहून वैराटच्या सफारीला गेलो होतो. पहाटेचा गारठा, दरीत धुकं, आणि कुरणाच्या कडेला जिप्सी थांबली तेव्हा समोर सात-आठ गवे. काळेभोर अंग आणि गुडघ्यापर्यंत पांढरे पाय. मागच्या सीटवरच्या काकू हरखून म्हणाल्या, "किती सुंदर मैदान आहे! देवानंच केलं असेल."

आमचा गाइड इथल्या कोरकू आदिवासींतला पोरगा. तो हळू आवाजात म्हणाला, "तो आंबा दिसते न सर, त्याच्या बाजूले माह्या मावशीचं घर होतं."

मग गव्यांवरची माझी नजर त्या आंब्यावर गेली ती परत येईना.

1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं, हे आपण अभिमानानं सांगतो. वैराट, चुर्णी, कोहा, कुंड, बोरी ही गावं जंगलातून उठली, त्यांच्या शेतांची कुरणं झाली, त्या गवतावर सांबर आणि गवे आले, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पुनर्वसनाला माझा विरोध नाही. पावसाळ्यात आजारी माणूस दवाखान्यात न्यायचे हाल होत, म्हणून मनापासून बाहेर पडलेली घरंही आहेत. पण पुढे कुटुंबामागे 10 आणि मग 15 लाख रुपये ही रक्कम ठरली. त्यात मोहाचं झाड, नदीचं पाणी, पुरलेली माणसं कुठल्या रकान्यात लिहायची? वाघाला मिळालेल्या जागेची किंमत या लोकांनी मोजली आहे. आपण तिकीट काढून ती जागा बघायला जातो, तर निदान तिचं नाव तरी विचारावं.

मेळघाटात फिरलेल्या आपण सगळ्यांनी तिथली सिपना नदी पाहिलीय. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. ही भाषा मराठीच्याही कुळातली नाही आणि हिंदीच्याही नाही, तिचं नातं थेट पूर्व भारतातल्या संथाली-मुंडारी या आदिवासी भाषांशी. अख्ख्या जंगलाची नावं जिच्यात आहेत, तिचा एक शब्दही न ऐकता आपण सेमाडोह-कोलकास ही तिथली पर्यटनस्थळं करून घरी येतो. मला हे फार लागतं.

माझी साधी मागणी आहे. अशा प्रत्येक कुरणापाशी गावाच्या नावाची पाटी लावा: इथे अमुक गाव होतं, अमुक साली उठलं. गाइडच्या प्रशिक्षणात पक्ष्यांच्या नावांसोबत हेही असू द्या. आणि तुम्ही जाल तेव्हा "वाघ कुठे दिसतो?" याच्या आधी "दादा, तुमचं गाव कोणतं?" एवढं विचारा. आमच्या त्या पोराला विचारलं तर तो अर्धा तास बोलत होता. कुणाचं अंगण कुठं, विहीर कुठं, होळीला नाच कुठं व्हायचा.

परतताना एका झाडाखाली काही दगड दिसले. कोरकूंच्या मुठवादेवाची, म्हणजे गावदेवाची, जुनी जागा. सफारीत गाडीतून उतरता येत नाही. आमच्या गाइडनं बसल्या जागीच टोपी काढली आणि हात जोडले.